अक्कांची गाडगी आणि माझी चमकी

अक्का, पत्रे बसवणारा माणूस मागच्या पंधरवड्यात येऊन गेला. तोच, ज्याला तुम्ही दर उन्हाळ्याच्या तोंडाला चहा पाजून, पोहे खाऊ घालून रिकाम्या हातानं परत पाठवायचात. ओसरीवर टेकला, तुमच्या बाजेकडं एकदा बघितलं, नजर काढून घेतली आणि मला म्हणाला, आता काय करायचं ते एकदाचं सांगा, चैत्र लागला की मला सवड नाही. मी म्हटलं, सांगते. आणि सवयीनं मान आत वळवली, तुम्हाला विचारायला.

मान वळली आणि तशीच राहिली. त्या बिचाऱ्याला कळलं असावं. चहाचा कप खाली ठेवून तो उगाच पत्र्याकडं बघत बसला.

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पेपर आला की तुम्ही माझ्यासमोर पसरून द्यायचात, वाच म्हणायचात, आणि मी दोन ओळी वाचल्या की तिसऱ्या ओळीला स्वतःच काहीतरी सांगायला लागायचात. तरी लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही हे. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय मी साधं वरण कशाचं टाकायचं तेसुद्धा ठरवलं नाही, आणि आता हे एवढं मोठं काम एकटीनं ठरवायचं म्हणजे हात चालेना.

परक्या माणसाला सांगितलं तर हसेल. जमीन, दागिना, लेकरं, यावरून आपण दोघी जावांनी कधी शब्दानं शब्द वाढवला नाही. पत्र्यावरून मात्र दर उन्हाळ्याला वाढवला. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा या घरावर माळवद होतं. लाकडाच्या तुळया, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरलं की रांजणाशेजारी बसल्यासारखं वाटायचं, असं तुम्ही सांगायचात. मी आले तोवर माळवद गळून गळून खचलं होतं आणि सासऱ्यांनी ते उतरवून त्याच तुळयांवर पत्रे टाकले होते. पत्र्याखाली फळ्यांचा माळा. माळ्यावर तुमची गाडगी, तुरीची पोती, मिरच्या, हळद. माळ्याखाली माझी शिलाई मशीन. सगळं भांडण या तीन मजल्यांत मावलं.

चमकी कुठून आली ते तुम्हाला आठवत असेलच. माझा भाऊ आपल्याकडच्या गोरेगावजवळ कोंबड्या पाळतो. एका उन्हाळ्यात त्याच्या शेडात कोंबड्या चोची उघड्या टाकून पडायला लागल्या, तेव्हा त्यानं पत्र्याखाली चार बोटं जागा सोडून चकाकता चंदेरी पडदा ताणून घेतला. दुकानात त्याला बबल शीट म्हणतात. पत्रा तापून धग खाली फेकतो, हा पडदा ती वरच्या वर परतवतो, आरशावरून कवडसा परततो तशी. मी वैशाखात माहेरी गेले होते. भर दुपारी त्या शेडात उभी राहिले आणि डोक्यावर पत्रा आहे हे विसरून गेले. घरी आल्या आल्या पदर खोचून तुम्हाला सांगायला बसले. तुम्ही तूर पाखडत होतात. सूप थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात,

“आमी काय कोंबड्या हाव का?”

ह्यांना हसून हसून ठसका लागला. तुमच्या धाकट्या दिराला तुमचं एवढंसं बोलणं हसवायला पुरायचं, बायकोचं तासभराचं बोलणं पुरायचं नाही. पुढं कधीही विषय निघाला की हे आधी कुकूचकू करायचे आणि मग म्हणायचे, तुमचं दोघींचं ठरू द्या, मी काही बोलत नाही. त्या पडद्याला चमकी हे नावही तुम्हीच पाडलंत.

तुमची बाजू काही हवेतली नव्हती, हे मी तेव्हाही मनातल्या मनात मानायची. माळ्यावर भट्टी पेटते म्हणून तुरीच्या डाळीला किडा लागत नाही. मिरची हातात घेतली की मोडते. हळकुंडाला बुरशी माहीत नाही. शेजारणीच्या पोत्यांत भाद्रपदात पाखरं उडायची आणि आपल्या डाळीत दिवाळीलाही एक भोक सापडायचं नाही. “पत्र्याची तकलीफ दोन मयने, पन डाळीला वर्सभर टोका न्हाई,” हे तुमचं ठरलेलं वाक्य. आणि मी मशीनवर घाम पुसत म्हणायची, डाळीला टोका नको म्हणून माणसानं वाळायचं का. लग्नसराईतले ब्लाऊज शिवताना घामाचा थेंब रेशमावर पडला की डाग जायचा नाही. तेव्हा मी रागानं मशीनचं झाकण आपटायची, आणि तुम्ही ओसरीवरून विचारायचात, मशीन मोडली की डोकं.

तुमचे स्वतःचे उपाय होतेच. शिमगा झाला की पत्र्यावर तुराट्या पसरायच्या, वर पाचट, वर दगड. दोन दिवस घर गार लागायचं. तिसऱ्या दिवशी वानरं यायची. वानरांना काय त्या तुराट्यांचं सुख होतं देव जाणे, टोळीच्या टोळी पत्र्यावर धडाधड उतरायची आणि पाचट उडवत बसायची. तुम्ही अंगणात काठी घेऊन उभ्या, वर तो मोठा काळतोंड्या हुप्प्या तुमच्याकडं बघतो आहे, आणि तुम्ही त्याला सासरच्या माणसाला सुनावावं तसं सुनावता आहात. उरलंसुरलं वावटळ घेऊन जायची. एकदा आपलं सगळं पाचट सखूबाईच्या अंगणात जाऊन पडलं आणि तिनं ते गुमान आपल्या गोठ्यावर घातलं. तुम्ही वर्षभर तिला ‘माझ्या पाचटाची मालकीण’ म्हणत होतात.

आणि एक गोष्ट तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हणून मीही बोलले नाही. गरमी काय एवढी न्हाई, असं तोंडानं म्हणायचात आणि दुपार कलायच्या आत एक जुनं लुगडं हौदात बुडवून, न पिळता, माझ्या मशीनच्या खिडकीला टांगून जायचात. मी मशीनवरून मान वर करायच्या आत तुम्ही निघून गेलेल्या असायचात. लुगडं वाळलं की पुन्हा ओलं. त्या लुगड्यातून येणारी झुळूक आणि त्याचा तो मातीसारखा वास. मी तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही. जावेला थँक्यू म्हणायचं असतं हे आपल्याकडं कोणाला सुचतं?

चमकीचा पहिला प्रयोग माझ्या भावानं उरलेला तुकडा आणून दिला त्या वर्षी झाला. तुमची अट होती की माझ्या तुळयांना खिळा ठोकायचा नाही. मग लावायची कुठं? आपण शहाण्या दोघी. चमकी माळ्याच्या फळ्यांवर अंथरली, सतरंजीसारखी, चकाकती बाजू वर करून. पत्र्यातून आलेली धग ही परतवील, असा माझा हिशोब. हिशोब बराबर होता, पण माळा कोणाचा हे मी विसरले. तुम्ही तिच्यावर तूर पाखडलीत, मिरच्यांचे देठ मोडलेत, हळद चाळलीत. आठ दिवसांत चमकीवर धुळीचा असा थर बसला की तिच्यात तोंड दिसेना, आणि खाली माझ्या मशीनवर घाम पूर्वीसारखाच. भावाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, ताई, आरशावर पीठ चाळल्यावर त्यात काय दिसणार?

पुढं जे झालं त्यावर मी आजही हसते. तुम्ही ती चमकी खाली आणून धुतलीत, अंगणात अंथरलीत आणि तिच्यावर कुरडया घातल्यात. सकाळी घातलेल्या कुरडया संध्याकाळी खडखडीत, आणि एकही चिकटलेली नाही. झालं. त्या चैत्रात चमकी गल्लीभर फिरली. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. सांडगे, पापड, शेवया, सगळं चमकीवर. माझ्या भावाच्या कोंबड्यांची वस्तू सगळ्या गावाच्या वाळवणाला लागली, आणि तुम्ही ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगायचात की वस्तू चांगली हाय, पन आमच्या धाकलीला ती डोक्यावर टांगायची हाय.

या सगळ्यात गाडग्यांचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर सगळं तिथंच अडलं होतं. तुमची ती गाडगी म्हणजे गावाचं कोठार. भोपळा, दोडका, घेवडा, अंबाडी, आणि सगळ्यांत मानाचं वाळकाचं बी, त्या गोडसर गावठी काकडीचं, जे तुम्ही लग्नात माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं. राखेत कालवून, तोंडाला शेणमाती लावून माळ्यावर रांगेत ठेवलेलं. पेरणीच्या तोंडाला बायका यायच्या, अक्का, वाळकाचं बी. तुम्ही माळ्यावर चढायचात, गाडगं फोडायचात, मूठ झाकून आणायचात आणि तिच्या पदरात उघडायचात. बी मोजायचं नाही, हा तुमचा कायदा. मोजून दिलं तर वेलाला नुसती वांझ फुलं येतात म्हणे. घेणारीनंही बघायचं नाही किती आलं ते. गावातल्या कुठल्याही शेतात पिकलेलं वाळूक कापलं की म्हणायचं, अक्काचं आहे.

मी एकदा म्हटलं होतं, एवढ्या धगीत बी जितं राहत असेल का. तुमच्या नाकाला मिरची झोंबली. सासूच्या काळापासून बी माळ्यावरच असतं, म्हणालात. मी म्हटलं, सासूच्या काळात वर माळवद होतं. ते बोलणं तिथंच लोंबकळत राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात मात्र तुम्ही आपणहून म्हणालात, लाव बाई तुझी चमकी अर्ध्या माळ्यावर, बघू एकदाचं. मला नवल वाटलं. खिळ्याशिवाय, सुतळीनं बांधून आपण अर्ध्या पत्र्याखाली चमकी ताणली, या वेळी चार बोटं जागा सोडून, बरोबर. आणि पारखायचं कसं, तर तुम्ही गुळाचे दोन सारखे खडे आणलेत. एक चमकीखाली, एक उघड्या पत्र्याखाली. ज्या बाजूचा पाझरला ती बाजू हरली. तुमच्या माहेरी गुऱ्हाळ होतं, गूळ किती उन्हाला काय करतो हे तुम्हाला पाठ. दुपारभर आपण दोघी खाली बसून वाट बघत होतो. संध्याकाळी शिडीवर चढलो तर दोन्ही खडे गायब.

ह्यांनी माळ्यावर काहीतरी शोधताना ते बघितले होते. वहिनीनं मुंग्यांच्या भीतीनं वर ठेवले असतील असं समजून दोन्ही खडे गुळाच्या डब्यात टाकून डबा नीट झाकून ठेवला. कोणता कोणता होता म्हणून विचारलं, तर म्हणे गुळाला काय नाव असतं? तुम्ही शिडीवर बसून किती हसलात. पण हसून झाल्यावर म्हणालात, जाऊ दे, नशिबात न्हाई. मला वाटलं, माझ्या नशिबात नाही असं तुम्ही म्हणता आहात. चमकी पुन्हा वाळवणाला उतरली.

मग पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली आणि पौषातल्या गारठ्यात तुम्ही गेलात. तुमच्या जाण्याचा आळ पत्र्यावर घेता येत नाही. त्या रात्री आपण दोघींनी शेकोटीला हात शेकले होते आणि तुम्ही उन्हाळ्याची आठवण काढून म्हणाला होतात की आता हाच पत्रा गार पडलाय बघ, कसा नालायक हाय.

चौदावा झाला. भेटायला येणारी माणसं कमी झाली. आणि एका बाजारच्या दिवशी गयाबाई आली. मेंढरं राखणारी, तुमची गयाबाई. जवळा बाजारला बाजार करून परत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आली. तुमच्या बाजेशेजारी खालीच बसली. रडून झालं, पाणी प्यायली, आणि तरी उठेना. मला वाटलं हिला काही हवं असेल. शेवटी म्हणाली, अक्कानं सांगू नको म्हनलं व्हतं, पन पोटात ठेवून ठेवून मलाच तकलीफ होऊन राहिली.

तुम्ही दरवर्षी पेरणीच्या आधी मोरीमागच्या ओलीत चार बिया लावून बघायचात, हे मला माहीत होतं. तुमची ती सवयच. दोन वर्षांमागं वाळकाचं एकही बी उगवलं नाही, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दुसरं गाडगं फोडलंत, तिसरं फोडलंत. एकातूनही कोंब आला नाही. मग तुम्ही गयाबाईला बोलावून घेतलंत. तिचं माहेर गोरेगावकडचं, तिच्या आईच्या परसात वाळकाचे वेल असायचे. तिच्याकडून तुम्ही गुपचूप बी मागवलंत, आपल्या राखेत कालवलंत, आपल्या गाडग्यात भरलंत आणि ज्येष्ठात बायकांच्या पदरात टाकलंत. पुढच्या वर्षीही तेच. गावानं दोन वर्षं गयाबाईच्या माहेरची वाळकं खाल्ली आणि अक्काच्या बियाची चवच न्यारी म्हणून वाखाणली. मीही वाखाणली. तुमच्या समोर बसून, मीठ लावून.

मी गयाबाईला विचारलं, त्यांना कळलं होतं का, बी कशानं मेलं?

“कळलं न्हवं का. पत्र्यानं मारलं, म्हनल्या. धाकलीचं खरं हाय, म्हनल्या.”

मी विचारलं, “मंग मला काहून सांगितलं न्हाई?”

“म्या बी हेच इचारलं. तर म्हनल्या, तिला कळलं तर ती मला काई म्हननार न्हाई. गप बसंल. अन् तिचं तसलं गप बसनं मला सोसायचं न्हाई.”

अक्का, तुम्ही मला किती ओळखत होतात. मी खरंच गप्प बसले असते. ‘मी म्हटलं होतं ना’ असं मी म्हटलं नसतं. तुमच्याकडं हळूच बघितलं असतं, तुमच्या आवडीची भाजी केली असती, एक पोळी जास्त वाढली असती. आणि तुम्हाला ती पोळी गिळली नसती. सगळ्या जन्मात माझी कीव तुमच्या वाट्याला आली नव्हती, ती तुम्हाला नको होती. तेव्हा मी गयाबाईसमोर हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. काय सांगावं, म्हणाली, कोन्या जमान्यात माझ्या मायनंच तुमच्या अक्काकडून बी नेलं असंल, आपलंच आपल्या घरी आलं म्हनायचं. हे खरं असेल किंवा माझ्या समाधानासाठी असेल. मी ते खरं धरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती तशीच राहू द्या बाई, असं म्हणून ती उठली.

ती गेल्यावर मला गुळाचे खडे कळले. तुम्हाला मागच्या उन्हाळ्यात सगळं ठाऊक होतं. चमकी लावायला हो म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण म्हणजे मेलेलं बी. म्हणून तुम्ही गुळाला पुढं केलंत. गूळ पाझरला असता, तुम्ही चारचौघांत हसत हरला असता, चमकी लागली असती आणि गाडग्यांचं नाव निघालं नसतं. केवढी युक्ती केली होती, आणि माझ्या नवऱ्यानं ती डब्यात झाकून ठेवली.

पत्रेवाल्याला मी निरोप पाठवला. चमकी परवा बसली. मागचा कोपरा सोडून सगळ्या माळ्यावर, पाइपाच्या आडव्या पट्ट्यांना धरून, पत्र्यापासून चार बोटं खाली. दोन्ही टोकं उघडी, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाते. तुमच्या तुळयांना एकही खिळा ठोकू दिला नाही. तो माणूस वैतागला, पण मी शिडीशी उभीच होते. तुरीचं आणि मिरच्यांचं काय करायचं तो प्रश्न उरला होता, कारण तुमचं तेही खरंच होतं, गार माळ्यावर टोका येणार. तर मागच्या कोपऱ्यावरचे दोन पत्रे उघडे ठेवले आणि मध्ये जुन्या पत्र्याचा आडोसा घातला. तिथं तुमची भट्टी पेटलेली असते. डाळ तिकडं, बी इकडं. गयाबाई वाळकाचं ताजं बी देऊन गेली आहे, ते तुमच्यासारखंच राखेत घातलं. तुमची जुनी गाडगी फोडली नाहीत. ती फेकायला हात झाला नाही आणि कोणाला द्यायला धीर झाला नाही. ती आहेत तिथंच आहेत.

अजून वैशाख यायचा आहे, पण ऊन आत्ताच कडक आहे. काल दुपारी मशीनवर बसले, दोन ब्लाऊज हातावेगळे केले आणि मग लक्षात आलं की कपाळ पुसलेलंच नाही. सुख वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप सुख वाटलं. तरी मी एक फडकं ओलं करून खिडकीला टांगलं. गरज नव्हती. नुसती खिडकी बघवेना.

आणि आज सकाळी नळावर जे झालं ते सांगायचं म्हणूनच खरं तर हे लिहायला बसले. घागर भरत होते. चार-पाच बायका होत्या. सखूबाई माझ्याकडं न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाली, “अक्काची राख थंडी झाली न्हाई, अन् धाकलीनं घराला चांदी मढवून घेतली. वाटच बघून राहिली व्हती जणू.” बाकीच्या गप्प होत्या. त्या गप्प बसण्यातही तेच होतं, मला कळतं.

अक्का, माझ्या ओठावर सगळं आलं होतं. अक्कांनाच पटलं होतं म्हणून सांगायचं, आणि कशावरून विचारलं तर बियाचं सांगायचं. एका वाक्याचं काम. मी खरी ठरले असते, सखूबाईचं तोंड बंद झालं असतं, आणि तिनं दोन वर्षं कोणाचं बी पेरलं तेही तिला कळलं असतं. घागर भरून वाहायला लागली तरी मी तशीच उभी होते. मग म्हटलं, “व्हय बाई. मला गरमी सोसंना.” घागर उचलली आणि निघाले. मागून कोणीतरी हसलं.

वाटेत पाय जड झाले होते, ते घरापर्यंत हलके झाले. हे आता असंच राहणार. दर उन्हाळ्याला कोणीतरी बोलणार, मी गरमीवर ढकलणार, आणि म्हातारी होईपर्यंत गावात मी ती जाऊ राहणार जिनं थोरलीची पाठ फिरायची वाट बघितली. असू दे. तुमच्याशी इतकी वर्षं भांडले ते गावाकडून हो म्हणवून घ्यायला थोडंच भांडले? मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते तुम्ही म्हणालात. मला नाही, गयाबाईला म्हणालात, पण म्हणालात.